साडूभाऊंचा नियंत्रण वाफा

तणाची राखण करणारा, त्याला जावयासारखं जपणारा आणि कुणी त्यातली एक काडी उपटली तर अन्नावरची वासना उडणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. लोकांचे साडू असतात कसे? कुणाचा साडू पंचायत समितीत असतो, कुणाचा मांजरसुंब्याला ढाबा चालवतो, आणि लग्नकार्यात त्या साडूचं नाव घेतलं की चार माणसं जागा करून देतात. माझ्या साडूचं नाव घेतलं की लोक आधी हसतात, मग जागा करून देतात, आणि मग हळूच विचारतात, "काय म्हणतंय सरांचं तण?" मला या प्रश्नाचा आता अभिमान वाटतो. सुरुवातीला वाटत नसे, हे खरं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. तलवाड्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्यांचं रान आहे. सगळी नोकरी त्यांनी शाळेत पी.टी. शिकवण्यात काढली. निवृत्त झाले ते स्वतः. गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. मोटार चालू करायची तर एक शिट्टी, बंद करायची तर दोन, आणि अक्कांनी जेवणाचा डबा घेऊन बांधावर यावं यासाठी एक लांबलचक, शेवटाला किंचित लाडात येणारी. आजूबाजूच्या रानातल्या बायका या शिट्ट्यांवर भाकरी सोडायच्या. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकलवाले मात्र पुढे पोलीस उभा आहे असं समजून गाडी वळवायचे आणि आडवाटेने गेवराई गाठायचे. पेरणीत एखादं रोप रांगेबाहेर उगवलं, तर साडूभाऊ कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असे बघत की ते बिचारं रात्रीतून सरकून रांगेत येईल की काय, असं मला वाटे.

या माणसाला तरुणपणी शेतकी कॉलेजला प्रवेश मिळाला होता. पण त्यांचे वडील म्हणाले, "शेती शिकायला कालेजात काहून जायचं? रान काय पळून गेलंय का?" रान पळून गेलं नाही हे खरं, पण साडूभाऊंना पोरं पळवायची नोकरी लागली आणि कॉलेज राहून गेलं. माणसाचं काय काय राहून जातं! माझं बासरी शिकायचं राहिलं, मी ते विसरूनही गेलो. साडूभाऊ विसरले नाहीत. निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेली शाल घरी आणून त्यांनी खुंटीला टांगली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मुक्त विद्यापीठाच्या कृषी पदवीला नाव घातलं. अक्कांना कळलं ते ओळखपत्राच्या फोटोसाठी ते माझ्या बीडच्या स्टुडिओत आले तेव्हा. फोन करून त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, फोटो वाईट काढा. निदान फोटो बघून तरी नको म्हणतील."

कोणी नको म्हटलं नाही. तालुक्याजवळच्या एका कृषी महाविद्यालयात वर्ग आणि प्रात्यक्षिकं होत. साडूभाऊ पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट अशा थाटात पहिल्या बाकावर बसू लागले. मागची पोरं वीस-बावीसची. पहिल्या आठवड्यात ती खिदळत होती, महिनाभरात व्हरांड्यात त्यांची चाहूल लागली की कुजबुज व्हायची, "अबे, पीटी सर आले बे, शर्ट खोच!" खरी गंमत निराळीच होती. वनस्पतिशास्त्र आणि तणनियंत्रण शिकवणाऱ्या मॅडम एके काळी सातवी 'ब'मध्ये साडूभाऊंच्याच विद्यार्थिनी होत्या, आणि उशिरा आल्याबद्दल त्यांनी मैदानाला फेऱ्याही मारलेल्या होत्या. त्यामुळे मॅडम वर्गात आल्या की साडूभाऊ ताडकन उभे राहत, आणि साडूभाऊ उभे राहिले की मॅडमना ते मैदान आठवे आणि त्याही खुर्चीजवळ उभ्याच राहत. "सर, बसा ना." "आधी आपण, मॅडम." "नाही सर, तुम्ही." पोरं सांगतात, एकदा हरभऱ्यातली तणं यातच शिकवायची राहिली.

अभ्यास ते कवायतीवर करत. लॅटिन नावं पाठ करायची म्हणजे अंगणात पाय आपटत फिरायचं: "सायनोडॉन डॅक्टिलॉन, एक-दोन! सायपेरस रोटुंडस, एक-दोन!" आपली साधी हराळी आणि लव्हाळा इतक्या दिमाखात चालून येताना मी तरी पाहिलं नव्हतं. अक्का भाकरी थापता थापता तोच ठेका धरायच्या, आणि भाकरी फुगली नाही तर तिलाही लॅटिनमध्ये काहीतरी म्हणायच्या. पाहुण्यांत जायची मात्र चोरी झाली. दिंद्रुडच्या एका लग्नात मी फोटो काढत होतो. मुलीच्या मामांनी कोटाला लावलेला गुलाब साडूभाऊंनी "एक मिनिट हं" म्हणून काढून घेतला आणि पानाच्या तबकातल्या अडकित्त्याने उभा चिरला. आत बीजांडं कशी असतात हे वऱ्हाडातल्या चार म्हाताऱ्यांना समजावून सांगेपर्यंत मामा मोकळ्या कोटाने फोटोला उभे. म्हाताऱ्यांनी मन लावून ऐकलं, आणि एकीने विचारलं, "मग आता ह्याला पोरं व्हायची न्हाईत का?" अक्का तिथून उठल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

तर अशी वर्षं गेली आणि सगळे पेपर सुटले. उरला तो शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. तो झाला की पदवी. नाही झाला तर मधेच लोंबकळणं. विषय होता सोयाबीनमधलं तणनियंत्रण. साडूभाऊंनी रस्त्याकडेच्या तुकड्यात दोरी लावून चौकोनी वाफे पाडले. काही वाफे एकदा खुरपायचे, काही दोनदा, काहींवर औषध फवारायचं. आणि चार वाफे असे की ज्यांना हातच लावायचा नाही. तण जितकं माजेल तितकं माजू द्यायचं, आणि शेवटी ते वाळवून तोलायचं. तण मोकळं सोडलं तर पिकाचं किती खातं हे त्यावरून कळतं, आणि बाकी सगळ्या वाफ्यांची तुलना त्याच्याशी होते. पुस्तकात अशा वाफ्याला 'नियंत्रण वाफा' म्हणतात. साडूभाऊंनी तशा पाट्याही रंगवून लावल्या.

कौसाबाईंनी पाटी सुनेकडून वाचून घेतली. कौसाबाई म्हणजे त्या शिवारातल्या खुरपणीच्या बायकांच्या म्होरक्या. त्यांचं खुरपं चाललं की मागे जमीन सारवल्यासारखी दिसते. पदर खोचून त्या म्हणाल्या, "सर, ज्याच्यात कायबी नियंत्रण न्हाई, त्यालाच नियंत्रण म्हणत्यात व्हय?"

"होय, कौसाबाई. शास्त्रात तसंच असतं."

"मग आमच्या मालकाला बी लावा की पाटी!" म्हणून त्या गेल्या आणि मागच्या बायका बांधापर्यंत हसत होत्या.

वाफे मात्र खरोखर माजले. केना, माठ, घोळ, गाजरगवत, नावं घेऊ तेवढी थोडी. जाणारी-येणारी माणसं गाडी थांबवून बघायची. "सरांचं वय झालं." "अक्कांचे गुडघे गेले, खुरपणार कोण?" "शिकायच्या नादात रान गेलं बघा." साडूभाऊ हे ऐकून खूष व्हायचे, तणाची वाहवा चालली आहे असा त्यांचा समज होता. मला त्यांनी बीडहून बोलावून घेतलं, प्रकल्पाला जोडायला तणाचे फोटो हवे होते म्हणून. येत्या सोमवारी तोलायचं तण कापायचं, त्याआधी रविवारी फोटो. मधले दोन दिवस ते आणि अक्का लेकीकडे नातवाच्या बारशाला गेले.

रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन पोचलो तेव्हा दोघं नुकतेच उतरत होते. आम्ही तिघं रानाकडे वळलो आणि साडूभाऊ थांबले. चारी नियंत्रण वाफे लख्ख झाले होते. काळीभोर माती, तिच्यात ओळीने सोयाबीन, आणि तणाची एक काडी नाही. पाट्या तेवढ्या ताठ उभ्या होत्या. साडूभाऊंनी शिट्टीला हात घातला आणि तसाच राहू दिला. कुणाला वाजवायची?

तेवढ्यात पलीकडच्या रानातून कौसाबाई हाक मारत आल्या, मागे सगळ्या बायका, तोंडावर हसू मावेना. "जय भीम, सर! बघितलं का? तुमी गेलते बारशाला, म्हटलं चला, एक दिस सरांची सावड करू. अक्काला वाकता येत न्हाई, तुमी अभ्यासात. लोकं रस्त्यानं जाताना हासत होते, आमाला लई वाईट वाटायचं. पैसे देऊ नका बरं का, घेणारच न्हाई!"

साडूभाऊंनी हात जोडले. नुसते जोडले नाहीत, जोडलेले बराच वेळ खाली घेतले नाहीत. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कौसाबाई, उपटलेलं तण कुठंय?"

तण वाटून झालं होतं. कोवळी घोळ आणि माठ भाजीला, बाकी शेळ्यांना. मग जे झालं ते मी कॅमेरा गळ्यात घालून पाहिलं आणि एकही फोटो काढला नाही, कारण हसावं की रडावं हेच कळेना. साडूभाऊ पांढऱ्या बुटांनी घरोघर फिरले. एका अंगणात शेळी गाजरगवत बाजूला सारून केना निवडून खात होती, ते तिच्यासमोर उभे राहून मला म्हणाले, "साडूभाऊ, ही माझा प्रकल्प चावतीय." शेळीने मान वर करून पाहिलं आणि चावत राहिली. कौसाबाईंच्या घरी चुलीवर घोळीची भाजी रटरटत होती. काय बिनसलंय हे त्या माउलीला अजून ठाऊक नव्हतं. तिने भाकरीवर भाजी वाढून सरांच्या हातात दिली. सर बसले. एक घास घेतला. "पोर्टुलाका ओलेरेसिया," असं म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मिरची लई झाली का, सर?"

"नाही, नाही. चव छान आहे."

शेवटी मीच चुलीपुढे बसून कौसाबाईंना सगळं सांगितलं: हे चार वाफे कशासाठी होते, त्यावर पदवी कशी टांगली होती. ऐकता ऐकता त्या चुलीपुढून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आमी काढलं न्हवं? मग आमीच लावून देतो." मला ते नुसतं बोलणं वाटलं.

ते नुसतं बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो तर त्या साऱ्या बायका नियंत्रण वाफ्यांत वाकलेल्या. ओढ्याकाठचं, बांधावरचं, दुसऱ्यांच्या पडीतलं तण त्यांनी मुळांसकट टोपल्यांनी आणलं होतं आणि ओल्या मातीत बोटाने भोक पाडून एकेक रोप लावत होत्या. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या त्या तणाला ओंजळीने पाणी घालत होत्या. पण हात होते कांद्याची लागण केलेले. त्यामुळे गाजरगवत, माठ, केना, सगळं वीतभर अंतरावर, दोरी लावल्यासारखं सरळ रांगेत उभं राहिलं होतं. इतकं शिस्तीचं तण मी जन्मात पाहिलेलं नाही. साडूभाऊ ते बघत राहिले, आणि शप्पथ सांगतो, क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर २६ जानेवारीच्या संचलनाचं तेज आलं. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता काही बोलू नका. मॅडमला काय कळतंय? फोटो काढा पटकन."

मी कॅमेरा उचलला. आणि शिट्टी वाजली. कर्कश, आखूड. सगळ्या बायका मातीत हात तसेच ठेवून थांबल्या.

"फाऊल," साडूभाऊ म्हणाले. मग आवाज मऊ करून, "कौसाबाई, तुमच्या कुणाचा नाही. हा फोटो काढला तर माझा."

त्याच दुपारी ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं, उशिरा आलेला मुलगा सांगतो तसं, खाली बघत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, यावर मी सही करू शकत नाही. रब्बीत पुन्हा करावं लागेल. हरभऱ्यात. पदवी पुढं जाईल." साडूभाऊ म्हणाले, "जाऊ द्या. मॅडम, तुम्ही सही केली असती तर मला जास्त लागलं असतं." हे मला मॅडमनीच नंतर सांगितलं. सांगताना त्या उभ्याच होत्या.

घरी मात्र साडूभाऊंची दोन दिवस अंगणातली कवायत बंद. अक्का भाकरी थापायच्या आणि मधेच कान देऊन थांबायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच चुलीपुढून आवाज दिला, "सायनोडॉन डॅक्टिलॉन!" मग ओसरीवरून बारीक आवाजात, "...एक-दोन."

रब्बीच्या हरभऱ्यात पुन्हा चार नियंत्रण वाफे पडले, आणि यंदा त्यांची राखण गावाने केली. कौसाबाईंनी फर्मान काढलं होतं: सरांच्या तणाला जो हात लावील त्याच्या घरी खुरपायला कुणी जायचं नाही. वाटेने जाणाऱ्या बायका बांधावरूनच बातमी द्यायच्या, "सर, तुमचा चंदनबटवा लई माजलाय बरं का!" "अहो, पिवळ्या धोतऱ्याला फूल आलं, पेढे वाटा!" एकाची म्हैस वाफ्याकडे वळली तर तीन घरांतून काठ्या निघाल्या. साडूभाऊ संध्याकाळी बायकांना बांधावर बसवून प्रयोग समजावून सांगायचे, आणि समजलं की नाही ते शिट्टीवर विचारून घ्यायचे.

मग बाहेरगावचे परीक्षक रान बघायला आले. मॅडम बरोबर होत्या, मी फोटोला होतो. परीक्षक गृहस्थ सज्जन, पण शेतकी माणसाचा हात तो! बोलता बोलता नियंत्रण वाफ्यापाशी वाकले आणि सवयीने एक चंदनबटवा चिमटीत धरला.

"ओ सायेब! हात काढा!" सगळा बांध एकदम ओरडला. परीक्षक दचकून मागे झाले ते मॅडमच्या पायावर. कौसाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "ते उपटायचं न्हाई! तण किती खातंय ते कळल्याबिगर, काढून किती वाचलं ते कसं कळंल?"

परीक्षकांनी चष्मा पुसला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच की! शिट्टी वाजवून वाजवून पाठ करून घेतलंय. म्हशीला सुदिक पाठ झालं आसंल आता."

मॅडमनी हरभऱ्याकडे तोंड वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. परीक्षकांनी मग साडूभाऊंना बरंच विचारलं आणि साडूभाऊंनी सावधानमध्ये उभं राहून सगळ्याची उत्तरं दिली. मागच्या हंगामात काय झालं, तेही न विचारता सांगितलं.

निकालाचा फोन आला तो मॅडमचा, आणि पहिल्यांदा अक्कांना. सरांना सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही म्हणे. साडूभाऊ पहिल्या वर्गात पदवीधर झाले होते. मी बीडहून पेढे घेऊन निघालो. घरी अक्का एकट्याच, डोळे पुसत आणि हसत. "रानात गेलेत. तुम्हीच आणा ओढून."

हरभरा निघून गेला होता. तोलायचं तण केव्हाच कापून तोललं होतं, पण वाफ्यांच्या कडेला राहिलेलं तसंच उभं होतं. साडूभाऊ गुडघ्यावर बसून ते एकेक उपटत होते. बी गळायच्या आत काढायला हवं होतं, नाहीतर पुढच्या साली साऱ्या शिवारात झालं असतं. प्रत्येक रोप उपटताना ते त्याचं नाव घेत, माती झटकत आणि हलकेच बाजूला ठेवत. शेजारी कौसाबाईंची सून, आशा, खुरपं घेऊन तेच करत होती. गंमत म्हणजे नावं तीही घेत होती, आणि दोनदा तरी त्यांच्या आधी.

"साडूभाऊ, आज तरी उठा की," मी म्हणालो. "पदवीधर माणूस!"

"यांच्याच जिवावर झालो हो," हातातल्या रोपाकडे बघत ते म्हणाले.

आशाने खुरपं थांबवलं. मान वर न करता विचारलं, "सर, तिथं बारावी झालेल्या बाईला घेत्यात का?"

"घेतात की."

"मार्क कमी हायत मला."

"घेतात."

"आन् घरचं?"

बांधावर बसलेल्या कौसाबाईंनी तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. मला वाटलं, आता उसळणार. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या तिला, सर. पर एक सांगून ठेवते, हिचा नियंत्रण वाफा आमच्या घराम्होरं पाडायचा. राखायला सोपं पडंल."

साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी तोंड वळवलं आणि कोपराने डोळे पुसले, कारण दोन्ही हात मातीने भरले होते. मग आशाला जवळ बोलावून त्यांनी चंदनबटव्याचं मूळ तळहातावर आडवं धरलं आणि ते खोल कसं जातं ते दाखवू लागले. ती म्हणाली, याहून खोल जातं, तिने पाहिलंय. ते म्हणाले, शक्य नाही. दोघं वाकून जमीन उकरू लागले. ऊन उतरत होतं. पेढ्यांचा पुडा मी बांधावर ठेवला. ओढून न्यायला आलो होतो खरा, पण हाक मारायला काही जीभ रेटेना.